प्राचार्यांचं घर आणि सात हजार रुपये

परवा शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि माझा अख्खा वीकांत त्यातच गेला. मेसेज एवढाच होता, "सर महिनाअखेरीला रिटायर होतायत. कायतरी करायला पायजे बे."

सर म्हणजे आमचे पीटीचे सर. सोलापुरातल्या एका साध्या मराठी शाळेत त्यांनी आम्हाला खो-खो शिकवला. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन काय असतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. त्या उन्हात सकाळी सहाला हा माणूस स्वतः मैदानावर पाणी मारायचा, चुन्याच्या रेघा आखायचा आणि आम्ही डोळे चोळत पोचेपर्यंत शिट्टी तोंडात धरून तयार असायचा.

अर्ध्या तासात शंभरेक मेसेज पडले. पुण्यातले सगळे आयटीवाले एकदम जागे झाले. कुणी हॉटेल सुचवलं, कुणी पर प्लेट रेट काढला, कुणी फ्लेक्सचं डिझाइनसुद्धा करून टाकलं (त्यात सरांपेक्षा आमचेच फोटो मोठे). मग रात्री अकराच्या सुमारास आमच्या जुन्या कॅप्टनने लिहिलं. हा अजून सोलापुरातच असतो, हार्डवेअरचं दुकान चालवतो, आणि सरांना आठवड्यातून एकदा तरी भेटतो. त्याने लिहिलं की सरांचे दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि पेन्शन शून्य आहे. सगळी वर्षं नेमणूक विनाअनुदानित तुकडीवर. पगार कधी आला, कधी नाही आला.

त्यानंतर ग्रुपवर एकदम सामसूम. बफेमध्ये पनीर की काजूकरी यावर वाद घालणारे आम्ही सगळे गप्प झालो. पैसे गोळा करणं अवघड नव्हतं. अवघड हे होतं, की ते सरांच्या हातात ठेवायचे कसे? आंतरशालेय स्पर्धेला जाताना आम्हाला भेळ स्वतःच्या खिशातून देणारा माणूस तो. आमच्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेणार नाही.

तेव्हा मला ते डिनर आठवलं.

तीन वर्षांपूर्वी मी सहा महिने ऑनसाइट होतो, अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या गावात. तिथे गावाची ओळख म्हणजे ते कॉलेज आणि कॉलेजची ओळख म्हणजे फुटबॉलची टीम. (त्यांचं फुटबॉल, म्हणजे हातात धरून पळायचं ते. आपलं ते सॉकर. हा वाद मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिला.) तिथला कोच तीस-पस्तीस वर्षांनी निवृत्त होत होता आणि त्याच्या सन्मानार्थ चॅरिटी डिनर होतं. आमच्या क्लायंटने एक अख्खं टेबल विकत घेतलं होतं, त्यातली एक खुर्ची रिकामी राहत होती, म्हणून मॅनेजर म्हणाला, चल.

हे प्रकरण कसं चालतं ते मला नवीन होतं. जेवणाच्या खर्चाच्या कितीतरी पट किंमत एका खुर्चीला लावतात. कंपन्या दहा-दहा खुर्च्यांची टेबलं घेतात. भिंतीकडेला लांब टेबलावर जुन्या जर्सी, सह्या केलेली हेल्मेटं वगैरे मांडलेली, प्रत्येकासमोर एक कागद. ज्याला हवं त्याने बोली लिहायची, पुढच्याने त्याहून जास्त लिहायची. गाजावाजा नाही. जमलेले पैसे कोचला मिळत नाहीत, त्याच्या नावाने गरीब मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू होते. आणि भाषणं? आपल्याकडे सत्कारमूर्तीला देवपण देतात. तिथे एकेक जुना खेळाडू उठून कोचची यथेच्छ टिंगल करत होता. त्याची गाडी, त्याचं विसरभोळेपण, पाऊस पडला तरी न काढलेली टोपी... कोच पोट धरून हसत होता आणि मधेच डोळे पुसत होता. मी ब्रेड, सॅलड आणि उकडलेले बटाटे खात (बाकी सगळं चिकन होतं) विचार करत होतो की ह्यांना आमच्या सरांची नक्कल करून दाखवावी.

परत आल्यावर मी याबद्दल बरंच वाचून काढलं. आमच्या जातीला सवयच असते, एक बग दिसला की मुळापर्यंत खणत जायचं. कळलं ते असं की कॉलेज फुटबॉल आणि दानधर्म यांचं नातं तिथे जुनं आहे. १९३० साली मंदीने न्यूयॉर्कमध्ये बेकारांच्या रांगा लागल्या होत्या. तेव्हा नोत्र दाम विद्यापीठाचा प्रसिद्ध कोच नूट रॉकनी आपल्या आजी-माजी खेळाडूंची टीम घेऊन १४ डिसेंबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध उतरला. व्यावसायिक टीमने त्यांचा २२-० असा धुव्वा उडवला, पण बेकारांसाठी एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. पुढच्या साडेतीन महिन्यांत रॉकनी विमान अपघातात गेला.

पण माझ्या डोक्यात राहिला तो दुसराच कोच, एडी रॉबिन्सन. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग नावाच्या गावी कृष्णवर्णीय मुलांचं एक छोटं कॉलेज होतं. तिथे हा १९४१ मध्ये लागला आणि १९९७ पर्यंत राहिला. नुसता कोच नव्हता, मैदानावरचं गवत तोच कापायचा, रेघाही तोच मारायचा. टीम बाहेरगावी निघाली की सगळ्यांसाठी खाणं बांधून घ्यायचा, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत त्याच्या मुलांना कुणी बसू देत नसे. दुसऱ्याच हंगामात, १९४२ ला, त्याच्या टीमने सगळे नऊ सामने जिंकले आणि एकाही प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळू दिला नाही. एकूण विजय ४०८. त्याचा विद्यार्थी डग विल्यम्स १९८८ मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. गवत आणि चुन्याच्या रेघा हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर लुइझियाना नाही आलं. आमचं मैदान आलं.

असो. तर सांगायचा मुद्दा हा, की आपल्याकडे असं काही नव्हतं का? होतं की. आपल्याकडे थैली होती. आजी-आजोबांना हा शब्द लगेच कळेल. एखाद्या मोठ्या माणसाची साठी किंवा पंचाहत्तरी आली की गावोगाव वर्गणी काढायची, शाल-श्रीफळाबरोबर ती रक्कम थैलीत घालून अर्पण करायची. आणि घेणाऱ्याने त्यात स्वतःची थोडी भर घालून ती तिथल्या तिथे एखाद्या संस्थेला देऊन टाकायची, हा जवळजवळ नियमच. सगळ्यांत गाजलेली थैली लोकमान्यांची. जुलै १९१६ मध्ये त्यांची साठी झाली तेव्हा लोकांनी एक लाख रुपये जमवून दिले. टिळकांनी ते राष्ट्रकार्याला दिले. गंमत म्हणजे त्याच वाढदिवसाला सरकारनेही भेट पाठवली होती, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी नोटीस. :)

पण थैली पुढाऱ्यांची, समाजसुधारकांची, साहित्यिकांची. पीटीच्या मास्तरला कोण थैली देणार?

इथे मला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायची आहे. तुम्ही म्हणाल माहीत आहे, हेलसिंकी, १९५२, ब्राँझ. गुगलने २०२३ मध्ये डूडलसुद्धा केलं होतं. मलाही तेवढंच माहीत होतं. पण माझ्यासाठी ही गोष्ट पदकाच्या बाजूने सुरू झालीच नाही, ती एका लायब्ररीच्या पाटीपासून सुरू झाली.

२००४ मध्ये सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याआधी आम्ही सोलापूरकर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. माझ्या काकांची डिग्री तिथलीच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका जुन्या सर्टिफिकेटच्या कामासाठी मी कोल्हापूरला गेलो होतो. काम जेवणाच्या सुट्टीत अडकलं (ते अडकतंच), म्हणून कॅम्पसमध्ये फिरत होतो. लायब्ररीवर नाव दिसलं, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. वेंगुर्ल्याला त्यांच्या नावाचं कॉलेज आहे हे तिथल्या एका मित्रामुळे माहीत होतं. पण हे कोण, ते ठाऊक नव्हतं. मोबाइल काढून शोधलं आणि तिथल्या झाडाखाली बसून वाचतच राहिलो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमधून मॅट्रिक होऊन पोरगं कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आलं. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेलं तर क्रीडाशिक्षकांनी त्याच्याकडे बघून नाव घ्यायलाच नकार दिला. उंची साडेपाच फुटांच्या आत, अंगानेही बारीक. हा कसला पैलवान? खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते खर्डेकर. त्यांनी सांगितलं, खेळू द्या. मग त्या बारक्या पोराने एकामागून एक तगड्या पोरांना आस्मान दाखवलं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे खाशाबा पहिल्यांदाच मॅटवर उतरले. आपल्याकडे कुस्ती लाल मातीत. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेल्या त्या मातीत पाय रुततो, पकड बसते. मॅटवर सगळा हिशोबच वेगळा. तरी रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या हाताखाली तयारी करून ते सहावे आले. फ्लायवेट गटात, परक्या पृष्ठभागावर, पहिल्याच प्रयत्नात.

पुढची चार वर्षं म्हणजे नुसती मेहनत. १९५२ च्या निवडीतही अडचणी आल्या. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासविरुद्ध एका गुणाने गेलेली कुस्ती त्यांना मान्य नव्हती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावून घेतली आणि जिंकली. निवड झाली. आता प्रश्न पैशांचा. देशाने निवडलं होतं, पण तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

मग सुरू झाली दारोदार वर्गणी. गोळेश्वरच्या लोकांनी दिलं, कराडच्या दुकानदारांनी दिलं. मुंबई राज्य सरकारकडून बऱ्याच अर्ज-विनंत्यांनंतर चार हजार मिळाले. तरीही पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हातात ठेवले.

सात हजार म्हणजे किती, हे मी काढून बघितलं. तेव्हा सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होतं. म्हणजे सत्तर तोळ्यांहून जास्त! आज एवढ्याचा भाव तुम्हीच लावा. मी होमलोनवाला माणूस आहे. बँकेचा हप्ता दोन दिवस लांबला तरी मला घाम फुटतो. आपल्या कॉलेजातला एक पैलवान परदेशात जाऊन कुस्ती खेळणार, जिंकेल याची कुठलीही खात्री नाही, आणि त्यासाठी एक बॅरिस्टर, प्राचार्य माणूस घराचे कागद बँकेत ठेवतो. बायको काय म्हणाली असेल? नातेवाईक काय म्हणाले असतील? हे कुठेही लिहिलेलं सापडत नाही आणि मला सगळ्यांत जास्त तेच जाणून घ्यायचं आहे.

हेलसिंकीत बँटमवेटमध्ये खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं, जर्मनीच्याही पुढे गेले. जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलचक कुस्ती झाली, ती हरले. त्यावर लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं, अटलांटाला लिएंडर पेस. मधली ४४ वर्षं कोरडी.

परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पंधरा मिनिटांचं अंतर कापायला सात तास लागले म्हणतात. ढोल, फटाके, गुलाल, सगळं झालं. आणि हे सगळं उरकल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले. त्यात स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं.

हे वाचून मी त्या झाडाखाली बराच वेळ बसलो. जेवणाची सुट्टी संपली, खिडकी उघडली, काकांचं काम राहिलं ते राहिलंच, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

ज्यांनी कुस्तीचा फड बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं आजोळ पंढरपूरकडचं, त्यामुळे जत्रेतले फड लहानपणी खूप बघितलेत. मधे गोल आखाडा, भोवती माणसं मांडी घालून, मागे उभी, त्यामागे झाडावर आणि ट्रॅक्टरवर. हलगी घुमत असते. बारक्या पोरांच्या जोडी आधी लागतात, दहा-वीस रुपयांच्या, मग रेवड्या वाटत बक्षिसं चढत जातात आणि शेवटी मानाची कुस्ती. चांगली कुस्ती झाली की लोक खिशातून नोटा काढून पैलवानाच्या हातावर ठेवतात. कुणी फेटा बांधतं. यात दान नाही. पैलवान मातीत उतरतो, जिंकतो, आणि जे मिळतं ते त्याच्या कष्टाचं असतं. त्या डिनरला खुर्चीची किंमत होती. फडात पाठीला किती माती लागली त्याची किंमत.

बरं, खाशाबांचं पुढे काय झालं? १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. बरीच वर्षं बढतीसाठी थांबले, आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला मोटरसायकल अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेला दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. पेन्शनसाठी झगडणाऱ्या माणसाला स्टेडियम!

शिकवणाऱ्यांसाठी सरकारने १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. पहिल्या तिघांत एक कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. क्रिकेटच्या रमाकांत आचरेकरांना तो १९९० मध्ये मिळाला. आचरेकर स्वतः फर्स्ट क्लास क्रिकेटचा फक्त एक सामना खेळलेले. एक! पण स्टंपवर रुपया ठेवून त्यांनी जे घडवलं ते जगाला माहीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक झालं, तेही सचिनच्या हस्ते. पण सगळ्यांच्या नशिबी सचिन नसतो. आमच्या सरांच्या वाट्याला आम्ही आलो. दोघं जिल्हा संघात गेले, एकाला त्यातून पोलिसात नोकरी लागली. बाकीचे लॅपटॉपसमोर बसून पाठदुखीच्या गोळ्या खातो.

शनिवारी संध्याकाळी मी सरांना फोन केला. ग्रुपने ही जबाबदारी माझ्यावर ढकलली, कारण म्हणे मी 'चांगलं बोलतो'. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी खाशाबांची गोष्ट काढली. खर्डेकरांचं घर, कुस्त्यांचे फड वगैरे. म्हटलं सर, आपण जुन्या-नव्या मुलांचे खो-खोचे सामने लावू, तिकीट लावू, जे जमेल ते...

सर हसले. म्हणाले, "लेका, खाशाबा मला सांगतो का? खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. मी काय गहाण टाकलंय तुमच्यासाठी?"

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते फोन ठेवल्यावर. गुडघे, सर.

फोनवर पुढे ते म्हणाले, "सामने लाव. जरूर लाव. पण तिकिटाचे पैसे मला नको. मैदान पार उघडं पडलंय, दगड वर आलेत, पोरं पडली की सोलवटून निघतात. मुरूम टाका. चार ट्रॉली तरी लागतील. आणि वर पाणी मारून रोलर फिरवा, नाहीतर पहिल्या पावसात वाहून जाईल."

थैली संस्थेला परत! अजून ती मिळालीही नव्हती.

मग काकूंनी फोन घेतला, आणि सर बाहेरच्या खोलीत गेल्याची खात्री करून हळू आवाजात ऑपरेशनचा आकडा सांगितला. तो मी ग्रुपवर टाकलेला नाही. फक्त कॅप्टनला सांगितला. तो म्हणाला, हॉस्पिटलात सरळ जाऊन भरू, सरांना कळेपर्यंत भूल दिलेली असेल. मी म्हटलं, शुद्धीवर आल्यावर? तो म्हणाला, "तेव्हा शिट्टी वाजवतील आणि दहा राउंड मारायला लावतील. मारू की बे."

तर आता ठरलंय ते असं. हॉटेल रद्द, फ्लेक्स रद्द. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी साडेसहा, शाळेचं मैदान. आमची बॅच विरुद्ध आत्ताची नववी. आमचा धुव्वा उडणार हे नक्की आहे. मुरमाच्या चार ट्रॉल्या शनिवारी दुपारी पोचतील, पसरायला फावडी कॅप्टनच्या दुकानातून. पुण्याहून येणाऱ्यांनी शुक्रवारची हुतात्मा पकडावी, म्हणजे शनिवारी मुरूम टाकायला हाताशी येतील. बूट आणू नका, सर अनवाणीच खेळायला लावतात. आणि सरांची नक्कल कोण करणार यावर अजून वाद चालू आहे.